उष्णतेची मोट

भुकूम मागे टाकून पिरंगुटचा घाट उतरताना पुढे एक टेम्पो चालला होता. त्यात मोठ्या पंख्याची चौकोनी धुडे दोरीने आवळलेली. आधी एसीच वाटले, मग खोक्यावरची अक्षरे दिसली: हीट पंप. थोडक्यात, पाणी तापवायचे यंत्र.

यातला ‘पंप’ हा शब्द मला फार नेमका वाटतो. न्हाणीघरातला बंब लाकूड जाळून उष्णता निर्माण करतो. हे यंत्र उष्णता उपसते, विहिरीतून पाणी उपसावे तशी. मोट आठवून पाहा. बैल धावेवरून खाली उतरतात तेव्हा मोट वर येते, थारोळ्यात रिती होते आणि हलकी होऊन पुन्हा विहिरीत जाते. हीट पंपात मोटेचे काम गॅस करतो. बाहेरच्या हवेतली उष्णता पिऊन त्याची वाफ होते, कॉम्प्रेसर ती दाबून आणखी तापवतो, पाण्याला उष्णता देऊन ती पुन्हा द्रव होते आणि बारीक तोंडाच्या व्हॉल्व्हमधून गार होत परत फिरते. हा गॅस प्रोपेन असेल तर साध्या दाबाला तो उणे ४२ अंशांनाच उकळतो. त्याच्या लेखी मुळशीतली पौषातली पहाटही ऊनच.

मोट फाटकी असून चालत नाही. म्हणून या धंद्यातले खरे कसब तांब्याच्या नळ्यांच्या जोडांत असते. ब्रेझिंग झाले की नळ्यांत दाबाने नायट्रोजन भरायचा, जोडांवर साबणाचे पाणी लावायचे आणि बुडबुडा येतो का ते पाहत बसायचे. पंक्चर काढणाऱ्याची तीच युक्ती! मग व्हॅक्यूम करून आतली हवा आणि ओल काढायची, आणि त्यानंतर वजन करून गॅस भरायचा.

विहीर जितकी खोल, तितके बैलांचे कष्ट जास्त. इथे खोली मोजायची ती तापमानातल्या अंतराने. हवा २५ अंश आणि पाणी ६० अंश हवे असेल, तर एक युनिट विजेवर निसर्गनियम जास्तीत जास्त साडेनऊ युनिट उष्णता उचलू देतो. प्रत्यक्षात तीन-चार पदरात पडतात. ही मर्यादा ज्याच्या विचारातून निघाली त्या सादी कार्नोने १८२४ साली उष्णतेच्या उतरण्याची तुलना धबधब्याशी केली होती. उलट दिशेने, थंडाव्याच्या यंत्राने घरे उबदार करता येतील, हे केल्व्हिनने १८५२ मध्ये सुचवले. पुढच्या काही वर्षांतच ऑस्ट्रियात रिटिंगरने त्याच तत्त्वावर मिठाचे पाणी आटवायचे यंत्र उभारले. मिठागरात सुरुवात झालेले हे यंत्र आज हॉटेल-हॉस्टेलांच्या गच्चीवर बसते.

‘तीनशे टक्के कार्यक्षमता’ ही जाहिरात मला मात्र खटकते. मोटेने पाणी निर्माण केले, असे कोणी म्हणत नाही. शिवाय वीज कोळशाची असेल, तर औष्णिक केंद्रातच कोळशाच्या उष्णतेतली जवळपास दोन तृतीयांश वाया गेलेली असते. हीट पंप तेवढी भरपाई हवेतून करतो, इतकेच. अर्थात गीझर तीही करत नाही, त्यामुळे हे ‘इतकेच’ लहान नाही.

टेम्पो फाट्यावर वळला. मी सरळ पौडकडे निघालो, मुळशी धरणाच्या वाटेने. कार्नोचा धबधबा इथे खराखुरा आहे. ह्या पाण्याला सह्याद्रीच्या माथ्यावर सूर्याने आणि पावसाने फुकट चढवले. ते पाडून वीज करायची किंमत मात्र मुळशी पेट्यातल्या शेतकऱ्यांनी भाताची खाचरे बुडवून मोजली. त्याविरुद्ध १९२१ मध्ये सत्याग्रह झाला आणि पांडुरंग महादेव बापट सेनापती झाले. धरण झालेच. १९२७ पासून भिऱ्याला वीज होते. मुळा-भीमेतून बंगालच्या उपसागराकडे जायचे ते पाणी घाट उतरून कुंडलिकेने अरबी समुद्राला जाते.