सव्वीस अंकांचा ताळा

शकुंतलादेवींचे नाव निघाले की लोक २८ सेकंदांबद्दल बोलतात. वडील सर्कशीत, शाळेशी संबंध जवळजवळ नाही, आणि सहाव्या वर्षी म्हैसूर विद्यापीठात तोंडी हिशोब करून दाखवलेले. पुढे १८ जून १९८० रोजी लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात संगणकाने कशाही निवडलेल्या दोन तेरा अंकी संख्या त्यांच्यापुढे आल्या : ७६८६३६९७७४८७० आणि २४६५०९९७४५७७९. उत्तर म्हणून दाखवण्याचा वेळ धरून त्यांनी गुणाकार २८ सेकंदांत सांगितला : १८९४७६६८१७७९९५४२६४६२७७३७३०.

ते सेकंद आपल्या आवाक्याबाहेरचे. ही सव्वीस अंकी संख्या मात्र नाही. जुन्या शाळेतला नवाचा ताळा आठवा. पहिल्या संख्येतल्या अंकांची बेरीज ७८, म्हणजे १५, म्हणजे ६. दुसरीची ७४, म्हणजे ११, म्हणजे २. सहा दुणे बारा, म्हणजे ३. आता उत्तराचे अंक मिळवा : १३८, म्हणजे १२, म्हणजे ३. जुळले! दहा, शंभर, हजार, कशालाही नवाने भागले तरी बाकी १ उरते, म्हणून अंक कुठल्याही घरात बसलेला असो, बाकीपुरता तो जेवढ्यास तेवढाच. संख्या सव्वीस अंकांची असो की सव्वीसशे अंकांची, बेरीज येणाऱ्या कोणालाही तिची झडती घेता येते.

पण हा ताळा थोडा भोळा आहे. दोन अंकांची अदलाबदल झाली तर बेरीज तीच राहते आणि त्याला पत्ताही लागत नाही. तिथे अकराचा ताळा कामी येतो. उजवीकडून एक सोडून एक अंक घ्यायचे आणि दोन्ही बेरजांतला फरक पाहायचा. दुसऱ्या संख्येत इकडे ३७, तिकडेही ३७. फरक शून्य, म्हणजे तिला अकराने पूर्ण भाग जातो. मग गुणाकारालाही गेलाच पाहिजे. तिथे इकडे ६९, तिकडे ६९! अकरातल्या एखाद्याच संख्येच्या वाट्याला हे येते, आणि संगणकाने डोळे मिटून उचललेली संख्या नेमकी तशी निघाली. यात गूढ काही नाही, पण बेरीज करताना मजा येते. शेजारशेजारचे दोन वेगळे अंक उलटसुलट झाले असते तर अकराने ते लगेच पकडले असते.

तरीही दोन्ही ताळ्यांना चुकवता येते. शेवटच्या ७३० च्या जागी १७२० येईल इतकी, म्हणजे ९९० ची चूक झाली असती, तर नऊ गप्प, अकरा गप्प, शेवटचे शून्यही जागच्या जागी. ती पकडायला सातने भागून बाक्या ताडून पाहाव्या लागल्या असत्या, नाहीतर मोठा कागद घेऊन डझनभर ओळींचा गुणाकार मांडायला बसावे लागले असते.