लाल झालेला व्हॉल्व्ह आणि पूर्वजन्मीचं पाप

वर्ध्यातल्या माझ्या टेबलावर गिटारचा जुना अ‍ॅम्प्लिफायर येतो, तेव्हा मालकानं निकाल दिलेला असतो: ईएल३४ व्हॉल्व्ह आतून लालबुंद होतो, म्हणजे तोच खराब. नवा घातला, तर तोही लाल! असे व्हॉल्व्ह जोडीनं असतात; मी त्या दोघांची जागा आपसांत बदलतो. लाली व्हॉल्व्हबरोबर गेली तर दोष त्याचा. जागेवरच राहिली तर सॉकेटमागे शोधायचं. न्यायदर्शनातल्या नैयायिकांचा अन्वय-व्यतिरेक (कारण असेल तिथं कार्य, नसेल तिथं नाही) याहून वेगळा नाही. लाली जागेवरच राहिली, तर व्हॉल्व्ह काढून सॉकेटच्या ग्रिड पिनवर मीटर लावतो (एक हात खिशात, आत चारशेच्या आसपास व्होल्ट खेळतात). तिथं उणे व्होल्टेज हवं. ते शून्याकडे सरकलं असेल, तर अपराधी बहुधा आधीच्या टप्प्यातला गळका कपॅसिटर. तो स्वतः थंडच असतो.

जो भोगतो तोच दोषी, हा न्याय आपण माणसांनाही लावत आलो. महारोग (कुष्ठरोग) म्हणजे मागच्या जन्मीचं पाप, असं सर्रास म्हणत. नॉर्वेच्या डॉक्टर हॅन्सनला 1873 मध्येच त्याचा जंतू दिसला होता. तरी 1936 मध्ये विनोबांचे सहकारी मनोहर दिवाण यांनी वर्ध्याजवळ दत्तपूरला कुष्ठसेवा सुरू केली, तेव्हा रुग्ण घराबाहेर काढलेलेच होते.

कर्मसिद्धांत मी टाकून दिलेला नाही. स्वतःचं दुःख सोसायला तो चालेल. पण दुसऱ्याच्या पूर्वजन्माला मीटर लागत नाही. तिथं निकाल देणं हा धर्म नव्हे, आळस आहे.