बाखचे कॉन्चेर्तो आणि पियानोचा हक्क

योहान सेबास्टियन बाखने हार्पसिकॉर्ड आणि तंतुवाद्यांसाठी रचलेले कॉन्चेर्तो १७३८च्या सुमाराच्या त्याच्या स्वतःच्या हस्तलिखितात सापडतात. लाइपझिगमध्ये त्सिमरमानच्या कॉफीगृहात ‘कलेगियम मुसिकुम’ या मंडळाच्या मैफली होत. बाख १७२९पासून, मधला थोडा काळ वगळता, त्या मंडळाचे नेतृत्व करत होता, आणि हे कॉन्चेर्तो अशाच मैफलींसाठी तयार झाले असावेत असे मानले जाते. यांपैकी जवळजवळ सगळे आधीच्या रचनांची रूपांतरे आहेत. डी मेजर कॉन्चेर्तोच्या मागे ई मेजरचा व्हायोलिन कॉन्चेर्तो आहे, जी मायनरच्या मागे ए मायनरचा. सर्वांत गाजलेल्या डी मायनर कॉन्चेर्तोचे मूळ हाती लागलेले नाही. पण एकाच स्वराभोवती झपाट्याने फिरणाऱ्या त्यातल्या आकृती मोकळ्या तारेवर गज फिरवणाऱ्या हातालाच सुचाव्यात अशा आहेत. पियानोवर बाख वाजवावा की नाही, या पुढे चाललेल्या वादात ही गोष्ट सोयीस्करपणे बाजूला पडत राहिली: या संगीताने आपले वाद्य एकदा आधीच बदललेले होते, आणि तेही कर्त्याच्याच हातून.

हार्पसिकॉर्डची पट्टी दाबली की लाकडी पट्टिकेत बसवलेली पिसाची बारीक नखी तार छेडते. बोट हलके पडो वा जोरात, आवाजात फारसा फरक पडत नाही. पियानोत हातोडी तारेवर आदळते, म्हणून बोटाचा जोर आवाजात उतरतो. हे यंत्र फ्लॉरेन्सच्या बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरीने १७००च्या आसपास सिद्ध केले. जर्मनीत गॉटफ्रीड झिल्बरमानने तशी वाद्ये बनवली. त्यांतले एक वाजवून बाखने नादाचे कौतुक केले, पण वरचे स्वर दुबळे आणि पट्ट्या जड असल्याची तक्रारही केली, असे त्याचा शिष्य आग्रिकोला सांगतो. पुढे झिल्बरमानने सुधारणा केल्यावर बाखची पसंती मिळाली, आणि १७४९मध्ये असे एक वाद्य विकल्याची बाखच्या सहीची पावतीही उपलब्ध आहे. पियानोचे पक्षधर ही पावती हटकून पुढे करतात. मात्र झिल्बरमानचा हलका, लाकडी चौकटीचा पियानो आणि सुमारे वीस टन ताण पेलणारी ओतीव लोखंडी चौकट असलेला आजचा मैफलीचा पियानो यांच्यात नावापलीकडे साम्य थोडेच आहे. पावतीवरून बाखची उत्सुकता दिसते, परवानगी नव्हे.

एकोणिसाव्या शतकाला हा प्रश्नच पडला नाही. हार्पसिकॉर्ड घराघरांतून हद्दपार झाले होते. बर्लिनमध्ये बाखच्या थोरल्या मुलाची शिष्या सारा लेव्ही हिने त्या शतकाच्या पहिल्या दशकात डी मायनर कॉन्चेर्तो वाजवला, आणि १८३०च्या दशकात तिच्या भाचीचा मुलगा फेलिक्स मेंडेल्सोन याने लाइपझिगमध्ये तो पियानोवर सादर केला. तेव्हाची कल्पना सरळ होती: रचना म्हणजे कागदावरचे स्वर, वाद्य म्हणजे ते पोहोचवणारे साधन, आणि साधन जितके प्रगत तितके चांगले. शतक संपता संपता फेरुच्चो बुसोनीने याच कॉन्चेर्तोचे केलेले रूपांतर या विचाराचे टोक गाठते. त्यात पियानोचा भाग आधुनिक सभागृहाच्या मापाने जाडजूड केलेला आहे. आज तो कानाला बोजड वाटतो. तरी बुसोनीने बाखशी तेच केले, जे बाखने व्हायोलिनच्या कॉन्चेर्तोंशी केले होते, हेही खरे.

पहिला मोठा विरोध वांदा लांडोव्स्का यांच्याकडून आला. प्लेयेल कंपनीने त्यांच्यासाठी बनवलेले मोठे हार्पसिकॉर्ड १९१२मध्ये लोकांपुढे आले. गंमत अशी की या ‘जुन्या’ वाद्यातही लोखंडी चौकट होती, आणि स्वरसंच बदलायला पायाखाली पेडले होती. मोठ्या सभागृहात ऐकू जाण्यासाठी पियानोच्या कारखान्याने पियानोच्याच तंत्राने घडवलेले ते हार्पसिकॉर्ड होते. दुसरीकडे एडविन फिशर यांनी १९३०च्या दशकात पियानोपुढे बसूनच छोट्या वाद्यवृंदाचे नेतृत्व करत हे कॉन्चेर्तो ध्वनिमुद्रित केले. वाद्य आधुनिक, पण वादक वृंदातलाच एक, ही मांडणी कॉफीगृहाला लांडोव्स्कांच्या भव्य वाद्यापेक्षा बहुधा अधिक जवळची होती.

१९५०नंतर वाद पेटला. बाखच्या भक्तांपासूनच बाखचा बचाव करायला हवा, अशा अर्थाच्या शीर्षकाचा निबंध थिओडोर अडोर्नो यांनी १९५१मध्ये लिहिला. जुन्या वाद्यांकडे परतणे म्हणजे बाखला वस्तुसंग्रहालयात ठेवणे, असा त्यांचा रोख होता. त्याच सुमारास बॉस्टनमध्ये फ्रँक हबर्ड आणि विल्यम डाउड जुन्या हार्पसिकॉर्डच्या मापाबरहुकूम प्रतिकृती घडवू लागले, आणि युरोपात गुस्टाफ लेओनहार्ट, निकोलाउस हार्नोनकूर यांनी त्या काळच्या वाद्यांवर वादनाची नवी शिस्त बसवली. ग्लेन गूल्ड यांनी १९५७मध्ये लेनिनग्राडला डी मायनर कॉन्चेर्तो पियानोवरच वाजवला, पण स्वर तुटक, कोरडे आणि पेडल जवळपास वर्ज्य. दोन्ही बाजूंना बळ मिळाले ते एकाच गोष्टीतून, मायक्रोफोनमधून. हार्पसिकॉर्ड मागच्या रांगेपर्यंत पोहोचत नाही, ही पियानोची जुनी सबब ध्वनिमुद्रणाने निकालात काढली. गूल्ड यांनी तर ध्वनिमुद्रणावरच भिस्त ठेवून १९६४मध्ये मैफलीच सोडल्या.

वाद्याने ऐकण्यात काय बदलते, हे एफ मायनर कॉन्चेर्तोच्या संथ भागात सहज कळते. तंतुवाद्ये बोटांनी तारा छेडत साथ करतात. हार्पसिकॉर्डही छेडूनच वाजते, त्यामुळे दोन्ही नाद एका जातीचे होतात आणि सुरावटीचे अलंकार त्यातून जेमतेम उठून दिसतात. पियानो मात्र त्याच सुरावटीला गळा देतो. स्वर लांबतो, वाढत-उतरत असल्याचा भास होतो, आणि साथ पार्श्वभूमीला जाते. श्रोत्याला ते सुंदर वाटते यात नवल नाही, पण नाते बदललेले असते. जलद भागांत उलट अडचण येते. वृंद एकत्र वाजतो तेव्हा एकलवादकाचा उजवा हात बहुधा पहिल्या व्हायोलिनचेच स्वर धरतो. हार्पसिकॉर्डवर ही भर व्हायोलिनला नुसती किनार लावते. पियानोवर तीच व्हायोलिनला गिळून टाकू शकते. हार्पसिकॉर्ड वृंदात मिसळते आणि मधूनमधून बाहेर येते. पियानो मुळातच बाहेर उभा असतो आणि मिसळण्यासाठी त्याला स्वतःला आवरावे लागते.

तो आवरता येतो, हे आंद्राश शिफ, मरे पेराया, अँजेला ह्युइट यांच्या ध्वनिमुद्रणांनी दाखवले. तिथे वृंद लहान असतो, पेडल मोजके, आणि स्वर सुटे. हे सारे हार्पसिकॉर्डवाल्यांकडून आलेले शहाणपण आहे. एव्हाना ‘अस्सल’ वादनाचा दावाही ढिला झाला होता. तो भूतकाळापेक्षा विसाव्या शतकाच्या चपळ, कोरड्या रुचीचे प्रतिबिंब आहे, असे रिचर्ड तारुस्किन यांनी आग्रहाने मांडले. त्यांचे या विषयावरचे निबंध १९९५मध्ये पुस्तकरूपाने आले.

एका ठिकाणी मात्र पियानोचा हक्क आजही डळमळीत आहे. व्हिवाल्डीच्या चार व्हायोलिनच्या कॉन्चेर्तोवरून बाखने चार हार्पसिकॉर्डसाठी एक रचना केली. तिच्या मधल्या भागात चारही वाद्ये एकाच स्वरसंगतीचे तुकडे वेगवेगळ्या पद्धतीने छेडत राहतात. चार हार्पसिकॉर्डवर पावसाच्या सरीसारखा चमचमणारा तो पडदा चार पियानोंवर दाट होऊन बसतो, आणि कोण काय वाजवते आहे हे वादकांच्या हातांकडे पाहिल्याशिवाय उमगत नाही.