वेष्टनाचा हिशेब



सर्व स्तुती अल्लाहसाठी आहे, ज्याने ही धरती मानवासाठी अंथरली आणि त्याला तिच्यावर खलीफा, म्हणजेच विश्वस्त नेमले. विश्वस्ताला उपभोगाची मुभा असते; परंतु जे हाती सोपवले गेले त्याचा हिशेब त्याला द्यावाच लागतो. प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण आहे की, कयामतच्या दिवशी संपत्तीविषयी दोन्ही बाजूंनी विचारणा होईल : ती कोठून मिळवली आणि कशात खर्च केली. आपण धान्याचा, मांसाचा, कपड्याचा हिशेब ठेवतो. ज्यात गुंडाळून या वस्तू घरी येतात, त्या वेष्टनाचा मात्र ठेवत नाही.

महाराष्ट्र शासनाने २३ मार्च २०१८ रोजी अधिसूचना काढून प्लास्टिकच्या पिशव्या व थर्माकोलच्या ताट-वाट्यांवर बंदी आणली. पुढे केंद्राच्या नियमांनी १ जुलै २०२२ पासून प्लास्टिकचे पेले, चमचे, ताटे अशा एकदाच वापरून फेकायच्या अनेक वस्तू देशभर बंद केल्या. करार व वचने पाळणे हा ईमानाचा भाग आहे, आणि ज्या देशात आपण राहतो त्याचे लोकहिताचे कायदे पाळणे हेही त्यातच येते. तरीही बाजारात एक समाधान सर्रास ऐकू येते : “हे रिसायकल होणारे प्लास्टिक आहे, याने निसर्गाचे काही बिघडत नाही.” हे समाधान तपासून पाहिले पाहिजे.

जालनेकरांना पुनर्वापराचा अर्थ नव्याने सांगावा लागत नाही. आपल्या औद्योगिक वसाहतीतील भट्ट्यांत गावोगावचे भंगार लोखंड वितळते आणि घरे बांधायची सळई होऊन बाहेर पडते. प्लास्टिकची गोष्ट इतकी सोपी नाही. त्याचे अनेक प्रकार आहेत आणि ते एकत्र वितळवले तर माल निकामी होतो. वस्तूच्या तळाशी त्रिकोणात १ ते ७ पैकी जो आकडा असतो, तो केवळ प्रकाराची ओळख सांगतो; ती वस्तू पुन्हा वापरात येईलच, अशी हमी देत नाही. पाण्याच्या बाटलीवर १ असतो, तिच्यापासून कापडाचा धागा बनतो. जाड कॅन व शाम्पूच्या बाटल्यांवर बहुधा २ असतो, त्यांनाही भंगारात भाव आहे. परंतु वेफर्सचे चकचकीत पुडे निरनिराळे थर चिकटवून केलेले असतात. ते थर सुटे करणे अवघड, म्हणून भंगारवालाही त्यांना हात लावत नाही. रश्शाने माखलेल्या पातळ पिशवीचेही तेच. शिवाय बहुतेक प्लास्टिकचा कस वितळवताना घटत जातो.

याचा अर्थ असा की ‘पुनर्वापरयोग्य’ हा शब्द एक शक्यता सांगतो, आणि ती शक्यता शेवटच्या हाताच्या स्वाधीन असते. जकातीचे उदाहरण घ्या. जकात फर्ज झाली, तिचा हिशेबही वहीत नीट मांडला, म्हणून माल पाक होत नाही. हक्कदाराच्या हाती ती पोहोचते तेव्हाच होतो. बाटलीही पुनर्वापरयोग्य आहे म्हणून निर्दोष ठरत नाही. ती धुऊन, वेगळी ठेवून, योग्य हाती दिली तरच तिच्यावरचा शब्द खरा होतो. नालीत फेकली तर तो शब्द आपणच खोटा पाडला.

मलिक अंबरच्या काळात जमशेद खान यांनी जालन्याच्या पश्चिमेला मोती तलाव बांधला आणि जमिनीखालच्या नळांनी पाणी शहरातील हौदांपर्यंत आणले. पाणी पाजणे ही सदका-ए-जारिया आहे. करणारा जातो, पुण्य वाहत राहते. आपल्यामागे कुंडलिकेच्या पात्रात काय वाहत राहावे, हे आपणच ठरवायचे आहे. प्लास्टिक कुजत नाही, त्याचे बारीक कण होऊन ते माती-पाण्यात राहते. जाळले तर विषारी धूर होतो. उकिरड्यावरची गाय अन्नासह पिशवी गिळते. मुक्या जनावरांविषयी अल्लाहचे भय बाळगा, असा प्रेषितांचा (स.) आदेश आहे. रस्त्यावरील त्रासदायक वस्तू दूर करणे ही त्यांनी ईमानाची एक शाखा म्हटली. मग ती वस्तू रस्त्यावर टाकणे कशाची शाखा ठरेल?

म्हणून आरंभ आपल्या इबादतीपासून करू या. ईदुल अज्हाला कुर्बानीचा वाटा काळ्या पिशवीतून देण्याऐवजी भांड्यातून द्यावा. घेणाऱ्यानेही डबा आणण्यात कमीपणा मानू नये. वलीमा व इफ्तारसाठी जमातीने स्टीलची ताटे-पेले एकदाच घ्यावेत व मोहल्ल्याने ते वापरावेत. बाजारात जाताना कापडी पिशवी हाती असावी. प्रेषित (स.) आपली पादत्राणे स्वतः सांधत, वस्त्राला ठिगळ लावत, वस्तू टिकवून वापरणे ही सुन्नत आहे, ती दारिद्र्याची खूण नव्हे. औषध, दूध, बियाणे यांसाठी जे प्लास्टिक टळत नाही, ते कोरडे व स्वच्छ ठेवून भंगारवाल्याच्या हाती द्यावे. आणि त्या माणसाशी बोलताना आदर असावा. आपल्यातील कितीतरी घरे याच हलाल कष्टावर चालतात. आपण मिसळून फेकलेली घाण तो उघड्या हातांनी वेचतो. कचरा वेगळा करून देणे हे त्याच्यावरचे उपकार नव्हेत, तो त्याचा हक्क आहे.

हे अल्लाह, तू दिलेल्या नेमतींची कदर करण्याची आम्हाला तौफीक दे, उधळपट्टीपासून आमचे रक्षण कर, आणि आमच्यामागे या धरतीवर कोणाला इजा देणारी वस्तू शिल्लक राहू देऊ नकोस. आमीन.