जखम तळापासून भरते

शास्त्रवाचन : यिर्मया ६:१३-१५, लूक १०:३०-३५



गेल्या काजूच्या मोसमात धारगळला एका बंधूंच्या घरी प्रार्थनेला गेलो होतो. रान साफ करताना कोयता निसटून त्यांच्या पायाला लागला होता. घरच्यांनी पूड टाकून पट्टी बांधली; चार दिवसांत खपली धरली आणि आम्ही देवाचे आभार मानले. पुढच्या आठवड्यात पाय सुजला. म्हापशाच्या डॉक्टरांनी खपली काढून पू वाहू दिला व जखम मुद्दाम उघडी ठेवली. "पाळकसाहेब, ही तळापासून भरत आली पाहिजे," ते मला म्हणाले. (मी पाळक नाही, हे सांगायचे राहून गेले.)

तळापासून म्हणजे कशी, हे मी नंतर वाचून पाहिले. कातडी फाटताच रक्तातल्या बिंबिका तेथे जमून रक्त गोठवतात आणि काही सूक्ष्म प्रथिने सोडतात. त्यांना वृद्धिघटक म्हणतात. ती एक हाकच असते. ती ऐकून पांढऱ्या पेशी येतात, जंतू व मेलेले मांस साफ करतात आणि पुढची हाक देतात. मग तंतू विणणाऱ्या पेशी येतात, नव्या केशवाहिन्या फुटतात. असा लाल पाया तयार झाला की कडेच्या त्वचापेशी त्यावरून सरकत पांघरूण घालतात. यांपैकी एक घटक स्टॅन्ली कोहेन यांनी शोधला. तो टोचलेल्या उंदराच्या पिलांचे डोळे वेळेआधी उघडले होते. १९८६ साली त्यांना रीटा लेवी-मोंताल्चिनी यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले. मधुमेह्यांच्या पायाच्या जखमांसाठी आता असे घटक मलमातूनही देतात. पण चिघळलेल्या जखमेतील द्रव्ये या घटकांचाच फडशा पाडतात. म्हणून आधी जखम साफ करावी लागते.

यिर्मयाचा राग नेमका येथेच आहे. त्याच्या काळचे याजक लोकांची जखम वरच्यावर झाकून सारे ठीक असल्याचे सांगत होते.

हे वाचताना मला माझीच लाज वाटली. या बंधूंचा व त्यांच्या धाकट्या भावाचा बागेच्या मेरेवरून तंटा होता. दोन वर्षांपूर्वी प्रभुभोजनाआधी मीच त्यांना उभे करून हात मिळवायला लावले होते. मंडळीने गीत गाइले. धाकट्याला काय लागले होते, हे मी विचारलेच नाही. महिन्याभरात बोलणे बंद. संडे स्कूलमध्येही आपण भांडलेल्या मुलांना "सॉरी म्हण" असे सांगून घंटा वाजवतो, नाही का? शोमरोन्याने मात्र तेल व द्राक्षारस ओतला, रात्रभर थांबला आणि परत येण्याचे वचन दिले.

आणखी एक गोष्ट : भरलेल्या कातडीला पूर्वीचे सगळे बळ कधीच येत नाही, फार तर पाचातले चार भाग.

पाय भरत आला होता तेव्हा एका संध्याकाळी धाकटा भाऊ जमिनीचे कागद घेऊन आला. मी प्रार्थनेसाठी तोंड उघडले, आणि मिटले. तो पाऊण तास बोलत होता. थोरल्याने एकदाही मध्ये तोडले नाही. मेरेचे अजून ठरलेले नाही. पुढच्या रविवारी दुपारी ते पुन्हा बसणार आहेत.