पिणाऱ्याची खुर्ची

मार्च २००५ मध्ये विधानसभेत मुंबई-पुणे महामार्गालगतच्या डान्स बारचा विषय निघाला. शेतकरी कामगार पक्षाचे विवेक पाटील यांनी लक्षवेधी मांडली. या बारपायी तरुण पोरं वाया चालली आहेत, असा तक्रारीचा रोख होता. गृहमंत्री आर. आर. पाटील यांनी बंदी जाहीर केली, २००६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती रद्द ठरवली आणि २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तोच निकाल कायम ठेवला. मग सरकारने पुन्हा नवे कायदे आणले. एवढ्या वर्षांत नाचणाऱ्या बाईची चर्चा किती झाली! तिचे कपडे, तिचं मूळ गाव, तिची कमाई. समोरच्या टेबलावर बसून पिणाऱ्या आणि नोटा उडवणाऱ्या तरुणाबद्दल मात्र सगळ्यांचं एकमत होतं: बिचारा बिघडतोय. उन्हात राहिलेलं दूध नासतं तसा. नाचणारीला उठवलं, पिणाऱ्याची खुर्ची जागच्या जागी राहिली.

आज त्याच महामार्गालगतच्या पनवेल, खांदेश्वर, खारघर, कामोठे या पट्ट्यात कॉलेजं भरपूर आहेत आणि बाहेरगावाहून येऊन खोली घेऊन राहणारी पोरंही. मुलींच्या सुरक्षेची चिंता सगळेच करतात. उपाय काय? मुलींच्या हॉस्टेलचं गेट लवकर बंद, स्वसंरक्षणाचं शिबिर, ‘एकटीने जाऊ नका’ अशी सूचना. मुलांना उद्देशून काय आहे, हे शोधावं लागतं. रॅगिंगच्या बाबतीत आपण असं केलं नव्हतं. २००९ च्या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांनंतर प्रतिज्ञापत्र लिहून घेतलं जाऊ लागलं ते ‘मी रॅगिंग करणार नाही’ असं. ‘मी रॅगिंगपासून सांभाळून राहीन’ असं कुणी लिहून घेत नाही.

दारूचा विषय निघाला की कॉलेजची आणखी पंचाईत होते. महाराष्ट्रात बिअरसाठी वयाची अट २१ आणि कडक दारूसाठी २५. म्हणजे पदवीच्या वर्गातल्या जवळपास कुणालाच पिण्याची परवानगी नाही. कागदोपत्री कुणी पीतच नाही, तर बोलायचं कुणाशी? पोरं मात्र बसतात. गटारीला गाढेश्वर धरणाच्या बाजूला, थर्टी फर्स्टला कुणाच्या तरी फार्महाऊसवर, एरवी मित्राच्या खोलीत. पहिला ग्लास तर कित्येकदा हळदीच्या रात्री घरातलाच कुणी मोठा दादा भरून देतो आणि वर म्हणतो, ‘आता मोठा झालास, घे.’ मोठं होणं आणि किती रिचवतो हे असं एकत्र शिकवलं जातं. त्याच बैठकीत ‘पटवली का?’ हा पुढचा प्रश्न येतो.

आणि काही अघटित घडलंच, तर सबब तयार असते: ‘चढली होती रे.’ ही सबब कायदा मानत नाही. स्वतःहून प्यायलेल्या माणसाला नशेचा बचाव मिळत नाही, हे जुन्या दंड संहितेत होतं आणि १ जुलै २०२४ पासूनच्या भारतीय न्याय संहितेतही आहे. उलट नशेमुळे आपण कशाला हो म्हणतोय हेच जिला समजत नाही, तिचा होकार कायद्याने होकार धरला जात नाही. एकाच दारूला समाज मात्र दोन न्याय लावतो. तो प्यायला होता म्हणून त्याचा गुन्हा हलका, ती प्यायली होती म्हणून तिचा दोष जड.

विज्ञानही या सबबीच्या बाजूने फारसं उभं राहत नाही. १९७५ मध्ये अमेरिकेतल्या काही मानसशास्त्रज्ञांनी पुरुषांना पेय दिलं. काहींच्या ग्लासात व्होडका होती, काहींच्या नव्हती. आणि ग्लासात काय आहे ते काहींना खरं सांगितलं, काहींना खोटं. जास्त आक्रमक झाले ते आपण दारू प्यायलोय असं समजणारे, मग ग्लासात ती असो वा नसो. दारूने भान सुटतं, समोरची अवघडली आहे हे दिसेनासं होतं, हे खरंच आहे. पण ‘प्यायल्यावर पुरुष असाच वागतो’ ही समजूत बाटलीतून येत नाही. ती बसलेल्या मित्रांकडून येते.

म्हणून काम करायचं ते मित्रांच्या घोळक्यात. पर्किन्स आणि बर्कोविट्झ या दोघांनी १९८६ मध्ये एका अमेरिकी कॉलेजातल्या विद्यार्थ्यांबद्दल दाखवून दिलं की, आपल्या सोबत्यांना दारूचं जेवढं कौतुक वाटतं असं विद्यार्थी समजतात, तेवढं ते प्रत्यक्षात नसतं. प्रत्येकाला वाटतं, अवघडलेला मी एकटाच. आपल्याकडे वेगळं काय असणार? आठ जणांत एकजण घाणेरडं बोलतो, दोघे हसतात, उरलेले मोबाइलमध्ये बघतात. आणि बोलणारा समजतो, सगळे आपल्याच बाजूचे.

महाराष्ट्रात या गप्प पोरांना बोलतं करण्याचं काम झालेलं आहे. हरीश सदानी यांच्या पुढाकाराने १९९३ मध्ये मुंबईत उभी राहिलेली ‘मावा’ ही पुरुषांचीच संघटना. २००६ पासून तिने ‘युवा मैत्री’ हा उपक्रम कॉलेजांत नेला. पोरांशी लैंगिकतेबद्दल, मर्दानगीबद्दल मोकळं बोलायचं आणि त्यातूनच तयार झालेल्या मुलांनी पुढे आपापल्या कॉलेजात सोबत्यांशी बोलायचं, अशी ही रीत. व्याख्यानापेक्षा ती कितीतरी बरी. पाहुण्याचा हार-नारळ झाला की व्याख्यान पोरांच्या डोक्यातून जातं.

एक धोका मात्र आहे. पोरांना ‘मुलींचं रक्षण करा’ म्हटलं की ती लगेच भाऊ होतात, आणि मग बहीण कुणासोबत चहा प्यायला गेली याचा तपास सुरू होतो. ते नकोच. लक्ष ठेवायचं ते मित्रावर. त्याच्या बाइकची चावी काढून घेणं, ‘ती नको म्हणतेय, चल, बाहेर ये’ असं सांगून त्याला खोलीतून उठवणं, चौथा पेग भरायला नकार देणं. याला शौर्य लागत नाही, सवय लागते.

लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी कॉलेजात अंतर्गत समिती असावीच लागते आणि प्रकरण विद्यार्थ्यांचं असेल तर तिच्यात निवडून आलेले तीन विद्यार्थीही बसवावे लागतात. जागृतीचे कार्यक्रम घेणं हेही नियमांनी संस्थेवरच टाकलेलं आहे. तेव्हा पनवेलच्या प्राचार्यांना एकच विनंती. प्रवेश झाले की मुलांच्या छोट्या बैठका गटारीच्या आधी घ्या, दारूचं नाव घेऊन घ्या, आणि त्या दिवशी मुलींना सूचनांचा कागद वाटू नका.