उत्तर कोणाच्या हाती?

दिवाळीच्या सुटीत चकल्या-करंज्यांबरोबर मुलांच्या वाट्याला आणखी एक वस्तू येते. ती म्हणजे सुटीचा अभ्यास. अमरावती-अकोल्याकडे आता वहीऐवजी झेरॉक्स केलेले कोड्यांचे कागद घरी येतात. कार्यपत्रिका हे त्यांचे भारदस्त नाव. बेरीज करावी, उत्तराप्रमाणे खाना रंगवावा, की शेवटी मोर उमटतो. पण मोराची मान ओळखू आली की पोर उरलेले खाने न मोजताच रंगवून टाकते. ही लबाडी म्हणायची काय? मुळीच नाही. मोर महत्त्वाचा, बेरीज नव्हे, हे त्या कागदानेच त्याला शिकवलेले असते.

मी शाळामास्तर आहे आणि कादंबऱ्याही लिहितो. दोन्ही धंद्यांत एक प्रश्न सुटत नाही : समोरच्याला आपण विचार करायला लावतो आहोत, की नुसते गुंतवून ठेवतो आहोत? मुलांना कागद वाटला की वर्ग शांत होतो. पण ती शांतता विचाराची की कंटाळ्याची, हे कागद देणाऱ्याने स्वतःला विचारले पाहिजे.

चांगल्या कागदाचा नमुना हवा असेल तर देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर (१९०५–१९८६) यांच्याकडे जावे. त्यांनी १९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत एक गंमत मांडली. चार अंकी कोणतीही संख्या घ्या. मात्र चारही अंक सारखे नकोत. समजा, ३५२४. अंक उतरत्या क्रमाने मांडून त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करा : ५४३२ उणे २३४५, म्हणजे ३०८७. पुन्हा तसेच : ८७३० उणे ०३७८, म्हणजे ८३५२. पुन्हा : ८५३२ उणे २३५८, म्हणजे ६१७४. पुढे कितीही वेळा करा, ६१७४च. कोणतीही संख्या फार तर सात वजाबाक्यांत येथे पोचते. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी याविषयी लिहिले आणि देवळालीच्या मास्तरांचे नाव जगभर गेले.

आपण म्हणाल, उत्तर आधीच ठाऊक असलेले हे कसले कोडे? खरे आहे, वाटेत चुकलेला मुलगासुद्धा पुढे ६१७४वर पोचू शकतो. म्हणजे येथे उत्तराला किंमत नाही, वाटेला आहे. प्रत्येकाची संख्या वेगळी, म्हणून शेजाऱ्याची नक्कल फुकट. शिवाय तेच अंक उलटसुलट मांडून केलेल्या वजाबाकीला नेहमी नवाने भाग जातो. ३०८७च्या अंकांची बेरीज अठरा, ८३५२चीही अठरा. बेरजेला नवाने भाग गेला नाही, तर चूक झालीच समजावे. बहुतेक चुका मुलाला अशा स्वतःच सापडतात. मास्तरांच्या लाल शाईची वाट पाहावी लागत नाही.

मग मास्तर कशाला, असा प्रश्न येईल. ‘नऊच का?’ हे विचारायला!

चांगला कागद मी त्यालाच म्हणतो, जो खऱ्याखोट्याची पारख मुलाच्या हाती देतो. वऱ्हाडातले हे पोर उद्या बाजारात कापूस घेऊन जाईल. भरल्या गाडीच्या वजनातून रिकाम्या गाडीचे वजन वजा होऊन काटापट्टी हाती पडेल. त्या वेळी त्याने मापाऱ्याच्या तोंडाकडे पाहत उभे राहावे, की आकडा स्वतः पडताळावा? त्याचे उत्तर आपण आज वर्गात कोणता कागद वाटतो, यावर आहे.